आखूड काडी

ताईला तीन घरं होती. निदान ती तसं सांगायची. हॉस्पिटलात सगळ्यांना सांगून झालं होतं: डॉक्टरांना, नर्सेसना, लिफ्टवाल्याला, आणि ज्यांनी विचारलंही नव्हतं अशा पेशंटच्या नातेवाइकांनासुद्धा. मेट्रन म्हणून निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण घोर करायचा तो ज्याचं कुणी नाही त्याने. "एक भाऊ मोठा साहेब, बहिणीचं भरलेलं घर, आणि धाकट्याने तर माझी खोलीच ठेवलीय," ती म्हणायची. वॉर्डातल्या जुन्या आयाने, जिला सगळे मावशी म्हणत, एकदा चाचरत सुचवलं होतं की आमच्या डोक्यावरची खोली रिकामी आहे, वारा बरा येतो, शेजारही चांगला आहे. ताई हसली होती. जरा जास्तच हसली होती, हे तिला मागाहून जाणवलं, पण तेवढ्यासाठी कोण माफी मागत बसतो!

म्हणून रविवारी दुपारी "फक्त आपण चौघं, अगदी पहिल्यासारखं" बाहेर जेवायला जायचं, असा बारक्याचा फोन आला तेव्हा ताईला कसलीच शंका आली नाही. नवरे-बायका-मुलं सगळी घरी ठेवून भावंडांनी एकत्र बसायचं, यातच तिला माया दिसली. महिनाअखेर क्वार्टरची किल्ली परत करायची होती. त्याआधी कुणीतरी तोंड उघडून "ताई, आता आमच्याकडेच चल" म्हणायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे बारक्याने. आपण होऊन विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं. ज्यांना कडेवर घेतलं त्यांच्या दारात न बोलावता कसं उभं राहायचं?

आई गेली आणि वर्ष सरायच्या आत वडीलही गेले, तेव्हा ताई नर्सिंग शिकत होती. साहेब शाळेत होता, मधली त्याच्या खालच्या वर्गात, आणि बारक्या अजून बोबडं बोलत होता. साहेब तेव्हा काही साहेब नव्हता, पण नाक तेव्हापासूनच वर होतं, म्हणून ताईनेच ते नाव ठेवलं आणि पुढे त्याने ते खरं करून दाखवलं. बारक्या आता चांगला पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप, पण नाव काही सुटलं नाही. या सगळ्यात ताईचं लग्न राहून गेलं. राहून गेलं असंच सगळे म्हणतात, जसं काही ते फडताळात ठेवून कुणीतरी विसरलं होतं.

तर ताईने ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले आणि बरोबर एक कापडी पिशवी घेतली. पिशवीत पडदे होते. बारक्याने घर घेतलं तेव्हा मागच्या खोलीच्या दारावर थाप मारून त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "ही ताईची." खोली छान होती, समोर झाड होतं, पण दुपारचं ऊन थेट आत यायचं. मागच्या खेपेला सगळे चहा घेत असताना ताईने हळूच आत जाऊन वितींनी खिडकी मोजली होती. मग हळदी रंगाचं जाड कापड आणून, त्याला अस्तर लावून, रोज थोडं थोडं शिवलं. बारक्या बोलला की लगेच पिशवी पुढे करायची, असं तिने ठरवलं होतं. त्याचा चेहरा कसा होईल हेसुद्धा तिने मनात पाहून घेतलं होतं.

रेस्टॉरंट युरोपियन होतं आणि निवांत होतं. निवांत म्हणजे कुठलीही खुर्ची दुसरीशी जुळत नव्हती, आणि ते म्हणे मुद्दाम होतं. भिंतीच्या विटा उघड्या, टेबलाचं लाकूड उघडं, दिव्यांच्या वायरीसुद्धा उघड्या.

"गिलावा करायचा राहिला वाटतं," ताई म्हणाली.

"ताई, तिकडे असंच असतं," बारक्याने समजावलं. तो तिकडे कधी गेला होता कोण जाणे.

पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले होते. गोल चेहऱ्याचा मालक स्वतःच एप्रन बांधून फिरत होता आणि ज्याला त्याला "सावकाश होऊ द्या, काही घाई नाही" म्हणत होता. प्रत्येक टेबलावर एका पेल्यात ब्रेडच्या लांब, बारीक, कडक भाजलेल्या काड्या उभ्या ठेवल्या होत्या. ताईने एक मोडून खाल्ली. चवीला विशेष नव्हती, पण तोंड चालू राहत होतं.

साहेबाने भाजलेली कोंबडी मागवली, मधलीने मशरूमचा पास्ता, आणि बारक्याने वाइनमध्ये शिजवलेलं मटण. ताईला उभ्या जन्मात "मला काहीही चालेल" म्हणायची सवय. आज मात्र तिने चष्मा पुसला, फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि लोण्यात परतलेला मासा सांगितला. वर लिंबू. आपल्याला हवं ते मागताना तिला उगीच लाजल्यासारखं झालं.

ताटल्या आल्या. चार-पाच घास झाले असतील नसतील, साहेबाने न बोलता आपली ताटली उजवीकडे सरकवली. मधलीने तिची सरकवली, बारक्याने त्याची, आणि ताईचा मासा साहेबापुढे गेला. ही या घराची रीत होती. लहानपणी एका ताटलीत अंडं, एकीत बटाटे, एकीत कालचं काहीतरी, असं असायचं आणि अंड्यावरून हाणामारी व्हायची. तेव्हा ताईने नियम काढला: चार घास खा, ताटली उजवीकडे द्या. सगळ्यांना सगळं मिळेल. ताई फेरीच्या शेवटी बसायची. तिच्यापर्यंत ताटली पोचेस्तोवर अंडं संपलेलं असायचं, पण भांडण नसायचं, आणि ताईला तेव्हा भांडण नसणं अंड्यापेक्षा मोलाचं वाटायचं.

मालकाने लांबून हे पाहिलं आणि बिचारा धावत आला. त्याला वाटलं, आपणच ताटल्या चुकीच्या माणसांपुढे ठेवल्या. "माफ करा हं, माफ करा," म्हणत त्याने कोंबडी पुन्हा साहेबापुढे ठेवली आणि मासा ताईपुढे आणला. भावंडं खो खो हसायला लागली. मधलीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. साहेबाने मालकाला सगळी रीत समजावून सांगितली, आणि मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "फार छान. अशी घरं आता राहिली नाहीत." तो गेल्यावर ताटल्या पुन्हा फिरल्या. ताईला इतकं बरं वाटलं की तिचा पाय टेबलाखालच्या पिशवीला हळूच लागला, आहे ना म्हणून बघायला.

तेवढ्यात साहेबाने घसा साफ केला. साहेबाचं बोलणं म्हणजे नमनाला घडाभर तेल. ताईने काय काय केलं, किती खस्ता खाल्ल्या, आपण आज जे आहोत ते कुणामुळे, असं बरंच झालं. ताई मासा यायची वाट पाहत ऐकत होती.

"तर आम्ही तिघांनी बसून विचार केला," साहेब शेवटी म्हणाला. "आणि उत्तर तुझ्याच रीतीत सापडलं बघ, ताई. फिरती ताटली! चार महिने माझ्याकडे, चार मधलीकडे, चार बारक्याकडे. कुणा एकावर भार नाही, आणि तुलाही जरा बदल."

"कुणा एकावर भार नाही," ताईने त्याचेच शब्द पुन्हा म्हटले.

"तसं नाही गं," मधली घाईने म्हणाली. "तू भार कसली! फक्त ताई, उन्हाळ्यात माझ्याकडे नको हं. सासरची सगळी माणसं येतात, जमिनीवर अंथरुणं घालावी लागतात. आणि परीक्षांच्या दिवसांतही नको, धाकटीला जरा आवाज झाला की चालत नाही."

"मग वर्षात उरलं काय?" साहेब म्हणाला. "आणि वर्षाच्या सुरुवातीला माझ्याकडेही अवघड आहे. घराचं काम काढतोय. सिमेंटच्या धुळीत ताईला कसं ठेवायचं?"

"मग बारक्याने घ्यावं ना आधी," मधली म्हणाली. "त्याच्याकडे खोली आहे."

"खोली आहे गं," बारक्या पुढ्यातल्या माशाचे काटे बाजूला सारत म्हणाला. "म्हणजे होती. आता तिथे ते पळायचं मशीन आणलंय. डॉक्टरने सांगितलंय ना मला. सरकवू की आपण, म्हणजे नाही असं नाही. पण लगेच म्हणजे..."

हॉस्पिटलात ताईने हे आयुष्यभर पाहिलं होतं. पेशंट टक्क जागा असतो, आणि नातेवाईक पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून आता याला कोण नेणार यावर बोलतात. अशांना ती फटकारायची, "बाहेर जाऊन बोला, त्यांना ऐकू येतं." इथे तिला फटकारायला कुणी मेट्रन नव्हती. तिला मनस्वी राग आला, पण त्या रागालाही तिने सवयीने पांघरूण घातलं. साहेबाचं सोडा, तो पहिल्यापासूनच हिशेबी. मधली सासरी, तिचा काय दोष. आणि बारक्या? बारक्या सरकवू म्हणाला होता. नाही असं नाही म्हणाला होता. थोरल्यांसमोर आपण पुढे पुढे कसं करायचं म्हणून तो बिचारा अडखळतोय, असं ताईने ठरवून टाकलं. मनाला पटवायचंच म्हटलं की माणसाला कशाचाही आधार पुरतो.

एवढ्यात ताटली फिरत फिरत तिच्यापुढे आली. माशाची कातडी आणि पिळलेलं लिंबू.

"जाऊ दे, वाद नको," साहेब म्हणाला. "काड्या टाकू. ज्याला आखूड येईल त्याच्याकडे पहिली पाळी. पुढचं पुढे बघू."

"हो, काड्या!" मधलीने टाळी वाजवली. "आणि धरायच्या ताईनेच. ती कधी फसवत नाही."

काड्या हीसुद्धा ताईचीच रीत. पाणी कोण भरणार, दुकानात कोण जाणार, भांडी कुणी घासायची, यावर ताई खराट्याच्या काड्या मुठीत धरायची. ज्याला आखूड, त्याच्या गळ्यात काम. आता साहेबाने पेल्यातल्या तीन ब्रेडच्या काड्या काढल्या, एक मोडून आखूड केली आणि तिन्ही ताईच्या हातात दिल्या. आपली पाळी कुणावर टाकायची हे ठरवायला ताईनेच मूठ धरायची! कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. ताईनेही हात टेबलाखाली नेऊन काड्या नीट लावल्या. म्हातारपणी हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं ते असं.

मधली म्हणाली तेही पूर्ण खरं नव्हतं. ताई फसवायची. लहानपणी बारक्याला आखूड काडी आली की तो जमिनीवर लोळण घ्यायचा, "हे नाही धरायचं, परत!" म्हणून आकांत करायचा. एवढंसं पोर, त्याला आई आठवतही नव्हती. म्हणून ताई मूठ धरताना अंगठ्याने एक लांब काडी किंचित वर सरकवायची. पहिली काढायचा मान धाकट्याचा, आणि तो ती वर आलेली काडी बरोबर ओढायचा. साहेबाला आणि मधलीला हे कधी कळलं नाही. बारक्याने इतक्या वर्षांत कधी भांडी घासली नाहीत ती त्या अंगठ्याच्या जिवावर. दोघं यावर कधी बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती.

ताईने टेबलाखाली अंगठा हलवला. या वेळी तिने आखूड काडी वर सरकवली.

तिला वाटलं, आपण त्याला एक वाट काढून देतोय. त्याला पुढे होऊन मागायला संकोच वाटतो ना? मग काडीनेच त्याच्या पदरात टाकलं म्हणजे झालं. थोरल्यांना बोलायला जागा नाही, त्याच्या बायकोला रागवायला जागा नाही. एकदा घरात पाऊल पडलं की चार महिन्यांची पाळी कोण मोजतंय! मशीन सरकेल, पडदे लागतील. तिने मूठ वर काढली आणि बारक्यापुढे धरली. तीन टोकं, त्यातलं एक किंचित वर.

बारक्याने मुठीकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. आणि त्याने एक डोळा बारीक केला, अगदी लहानपणी करायचा तसा, इतका पुसट की दुसऱ्या कुणाला दिसू नये. ताईचा जीव सुपाएवढा झाला. कळलं याला, तिला वाटलं. माझ्या लेकराला कळलं.

त्याने हसत हसत वर आलेली काडी ओढली.

ती आखूड निघाली. बारक्या त्या काडीकडे बघतच राहिला. मग त्याचं ते गुबगुबीत तोंड वाकडं झालं आणि तोंडातून निघून गेलं, "हे नाही धरायचं, परत!"

साहेब आणि मधली फुटल्यासारखे हसले. "अरे, अजून तसाच!" मधली म्हणाली, आणि तिचे खांदे इतके सैल पडले की इतका वेळ ती श्वास धरून बसली होती हे कुणालाही कळलं असतं. साहेबाने कोंबडीची तंगडी उचलली. "चला, झालं एक काम." बारक्या हसला नाही. तो ताईकडे पाहत होता, आणि त्याच्या नजरेत राग होता. फसवल्याचा राग. सगळ्या जन्मात ज्या अंगठ्याने त्याला वाचवलं, त्याने आज दगा दिला होता.

तेव्हा ताईला तो बारीक केलेला डोळा कळला. त्याला वाटलं होतं, ताई आहे म्हटल्यावर आपण सुटलो. ताई मला वाचवणार. आणि कुणापासून वाचवणार, तर ताईपासून.

तिला ओरडावंसं वाटलं. ताटली उचलून त्या उघड्या विटांवर आपटावीशी वाटली. तिने ते काही केलं नाही. हाताच्या मुठीत उरलेल्या दोन लांब काड्यांचा चुरा झालेला तिला दिसला, तो तिने झटकला.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. आवाज वॉर्डातला होता, सरळ आणि कोरडा. "हे नाही धरायचं. मी वर केली होती ती."

"काय वर केली?" साहेबाने विचारलं.

"काही नाही. आमचं आमच्यात." तिने बारक्याच्या बोटांतून आखूड काडी काढून घेतली आणि ताटलीत लिंबाशेजारी ठेवली. "तू सुटलास. तुम्ही सगळेच सुटलात. मी कुणाकडे येत नाही."

मग व्हायचं ते झालं. "अगं ताई, असं काय करतेस?" "तू वाईट वाटून घेऊ नकोस." "आपण नीट बोलू." मधली रडलीसुद्धा थोडी, आणि ते रडणं खोटं नव्हतं. साहेब म्हणाला की हा हट्ट आहे, आणि लोक काय म्हणतील याचाही विचार करायला हवा. ताई मात्र बारक्याकडे बघत होती. बारक्याही म्हणाला, "अगं पण ताई..." आणि तेवढंच म्हणाला. त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. गाल पुन्हा गुबगुबीत झाले होते. ते तोंड ताईने धुतलं होतं, पुसलं होतं, तापात रात्ररात्र न्याहाळलं होतं. त्याच्यावरची सुटका तिच्यापासून लपणार नव्हती. आजही तोच जिंकला होता.

मालक कॉफी विचारायला आला. "सावकाश होऊ द्या, काही घाई नाही," तो म्हणाला.

"मला आहे," ताई म्हणाली आणि टेबलाखालची पिशवी घेऊन उठली.

बारक्या दारापर्यंत मागे आला. "थांब ना, मी गाडी काढतो. सोडतो तुला घरी."

"कुठल्या?" ताईने विचारलं.

काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "पिशवीत काय आहे एवढं?"

"जुनी फडकी," ती म्हणाली. "जा आत. तुझं मटण गार होतंय."

बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं. ताई शेजारच्या बंद दुकानाच्या सावलीत उभी राहिली आणि तिने मावशीला फोन लावला. काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं. त्या दिवशी आपण किती हसलो होतो ते मात्र तिला नीट आठवलं.

"मावशी, तुमच्या वरची खोली गेली का हो?"

"नाही, सिस्टर. आहे की. कुणासाठी हवीय?"

"माझ्यासाठी."

मावशी भली बाई होती, तीन घरांबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "या ना. कधीही या. मी झाडून घेते."

"खिडकी केवढी आहे तिची?"

"खिडकी? लहान आहे हो. ही हातभर. पण वारा येतो."

ताईने पिशवी छातीशी धरली. अस्तर लावलेलं कापड जड होतं.

"मग कापावे लागतील," ती म्हणाली.